बोरघाटातील सोप्या वाटा

मुंबई आणि पुणे या दोन शहरांच्या मध्ये सह्याद्रीची जी भिंत उभी आहे, ती लवकरात लवकर कशी ओलांडता येईल याचा खटाटोप गेली दोनशे वर्षे अखंड चालू आहे. या खटाटोपात माणसाला यश आले, हे कोणीही मान्य करील. जेथे बैलांना जागोजाग उसंत घेत चढावे लागे, तो बोरघाट आज मोटार बघता बघता मागे टाकते. परंतु ओलांडण्याचा वेळ जसजसा कमी होत गेला तसतसा घाटच दिसेनासा होत गेला. रोज हजारो माणसे या डोंगरातून जातात; त्यांपैकी डोंगराला ज्यांचे पाय लागतात अशी माणसे फारच थोडी.

जे थांबतात त्यांचेही ढोबळमानाने दोनच वर्ग दिसतात. पहिला वर्ग पाठीवर दोर टाकून कडे चढणाऱ्या तरुणांचा. दुसरा वर्ग खंडाळ्या-लोणावळ्यास उतरून चिक्की घेणाऱ्या, दरीच्या कठड्यापाशी छायाचित्र काढणाऱ्या आणि पावसाळ्यात धबधब्याखाली उभे राहणाऱ्या हौशी मंडळींचा. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा, संख्येने फार मोठा वर्ग आहे. शाळेतला शिक्षक, कचेरीतला कारकून, महाविद्यालयातला विद्यार्थी, त्यांच्या घरची आठ-दहा वर्षांची मुले आणि साठी ओलांडलेली आई किंवा सासरे. यांच्या हाती रविवार एकच असतो; खर्चाला मर्यादा असते आणि गुडघ्यांनाही असते. कडा चढणे हे त्यांचे काम नव्हे आणि नुसते गर्दीत उभे राहून परतणे हा त्यांचा आनंद नव्हे. त्यांच्यासाठी या घाटाच्या दोन्ही अंगांना तास-दोन तासांच्या सोप्या डोंगरवाटा आहेत. त्या नव्याने खोदायच्या नाहीत, त्या शतकानुशतके तेथे आहेत. नाही ती त्यांची नीट ओळख करून देण्याची व्यवस्था. ही उणीव वरवर क्षुल्लक वाटते. परंतु अलीकडच्या पावसाळ्यांत तिची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली आहे.

दोन हजार वर्षांची रहदारी

बोरघाटाचा परिसर इंग्रजांनी शोधून काढला असे मानण्याचे कारण नाही. घाटावरची कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी व घाटाखालची कोंडाण्याची लेणी पाहिली म्हणजे कोकणच्या बंदरांकडून देशावर येणारा व्यापार दोन हजार वर्षांपूर्वी याच डोंगरांतून चढत होता, हे उघड होते. ही लेणी आडरानात नव्हे, तर रहदारीच्या वाटांलगत खोदली गेली. व्यापाऱ्याने दान द्यावे, भिक्षूने राहावे आणि वाटसरूने टेकावे, असा तो परस्परसंबंध होता. पुढे याच वाटांवर नजर ठेवण्यासाठी लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग आणि तिकोना हे किल्ले उभे राहिले.

इंग्रजांनी या मार्गाचे महत्त्व ओळखले ते लष्करी गरजेतून. १८०४ साली जनरल वेलस्ली याने तोफा नेण्याजोगी वाट करवून घेतली. १८३० च्या नोव्हेंबरात मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने चाकांच्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता खुला केला. त्यानंतर आगगाडी आली. १८५६ साली सुरू झालेले घाटातील लोहमार्गाचे काम १८६३ साली पुरे झाले. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे आणि काम ऐन भरात असताना चाळीस हजारांवर मजूर, असा तो प्रचंड उद्योग होता. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट तडीस नेले. पटकीने आणि अपघातांनी किती मजूर दगावले, त्यांची नावे मात्र कोठल्याही दगडावर कोरलेली नाहीत.

लोकांनी आपल्या परीने ती उणीव भरून काढली आहे. जुन्या रस्त्यावर, घाटाच्या चढणीत शिंग्रोबाचे छोटे देऊळ आहे. शिंग्रोबा हा येथला धनगर. साहेबाला डोंगरातून वाट सापडेना तेव्हा आपल्या गुरांच्या वाटेने त्याने ती दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याच्या वाट्याला गोळी आली, अशी आख्यायिका आहे. तिला कागदोपत्री आधार असो वा नसो, घाट चढणारे वाहनचालक अजूनही त्याच्यापुढे नाणे टाकतात. डोंगरातली वाट डोंगरात राहणाऱ्यालाच ठाऊक असते, एवढे तात्पर्य या कथेतून घेतले तरी पुरे आहे; पुढच्या विवेचनात त्याचा उपयोग होणार आहे.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्णपणे खुला झाला आणि जुन्या महामार्गावरची रहदारी पुष्कळशी तिकडे वळली. घाटाची खूण होऊन बसलेला अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला. घाटाला बगल देऊन बोगद्यांतून जाणारा आणखी एक मार्ग हाती घेण्यात आला. घाट चुकवण्यासाठी हजारो कोटी रुपये खर्च करणाऱ्या समाजाने तो पाहण्यासाठी काय केले, असा प्रश्न विचारणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

मळवली ते भाजे

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल हे या वाटांचे खरे प्रवेशद्वार आहे. लोणावळ्याच्या अलीकडचे स्थानक मळवली. मुंबईकरांना लोणावळ्यास उतरून एक स्थानक मागे यावे लागते, एवढाच फरक. मळवलीस उतरून दक्षिणेकडे चालू लागले की द्रुतगती महामार्गावरचा पूल लागतो. त्या पुलावर दोन मिनिटे थांबावे. खालून मोटारी सुसाट धावत असतात आणि समोर विसापूरची तटबंदी आभाळाला टेकलेली असते. पुलापलीकडे भाजे गाव आणि गावाच्या डोक्यावर लेणी. स्थानकापासून पायथा अर्ध्या-पाऊण तासाचा आणि पुढे पायऱ्यांची वीस मिनिटांची चढण. लहान मुलाला आणि वयस्क माणसाला झेपेल अशी डोंगराची पहिली ओळख याहून चांगली सापडणे कठीण.

भाजे येथे बावीस लेणी आहेत आणि त्यांतील सर्वांत जुनी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची आहेत. मुख्य चैत्यगृहात सत्तावीस साधे, अष्टकोनी खांब आहेत आणि ते किंचित आत कललेले आहेत. लाकडी घराचे खांब भार पेलण्यासाठी जसे तिरपे रोवतात तसे हे पाषाणातले खांब खोदले गेले. सुताराची सवय पाथरवटाच्या हातातून अजून गेलेली नव्हती, हे येथे डोळ्यांनी दिसते. छताच्या कमानीला लाकडी फासळ्या आहेत. शेजारी स्तूपांचा एक समूह आहे; त्यातील पाच स्तूप आत आणि नऊ बाहेर. मुलांना ते मोजावयास लावावेत. इतिहासाच्या पुस्तकातला एक धडा तेवढ्यात आटोपतो. लेण्यांचे तोंड पश्चिमेकडे असल्याने दुपार कलताना आत प्रकाश पोचतो.

कार्ले आणि बेडसे

जुन्या महामार्गाच्या उत्तरेस, कार्ले फाट्यावरून आत गेले की कार्ल्याचा डोंगर लागतो. येथे सुमारे साडेतीनशे पायऱ्या आहेत. येथील चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब असून खडकात खोदलेल्या भारतातील चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे आहे. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा शिल्पमंडित खांब आणि स्तूपामागे सात साधे खांब. भाज्याचे अनलंकृत खांब ज्याने सकाळी पाहिले असतील त्याला दोन-अडीच शतकांत कारागिराच्या छिन्नीने केवढी मजल मारली हे येथे कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने या लेण्याला जंबुद्वीपात सर्वोत्तम म्हणून शिलालेखात गौरविले आहे. आपले नाव यवन असे सांगणाऱ्या दात्यांचे लेखही खांबांवर आहेत. घाटाखालच्या बंदरांत किती दूरदेशीचे लोक येऊन मिसळत होते, याची ती साक्ष आहे.

चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी, आगरी आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजांतील अनेक घराण्यांची ती कुलदेवता. चैत्रातील यात्रेत आणि नवरात्रात येथे माणसांचा पूर लोटतो. देवदर्शनाला येणाऱ्याने ते दिवस अवश्य साधावेत. लेणे निवांत पाहू इच्छिणाऱ्याने मात्र साधा आठवड्याचा दिवस निवडावा.

ज्याला शांतता हवी त्याने कामशेतच्या दक्षिणेचे बेडसे गाठावे. पवन मावळात, गावामागच्या डोंगरात सुमारे चारशे पायऱ्यांवर हे लेणे आहे. दर्शनी भागातील उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावरची प्राण्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची शिल्पे ही त्याची शोभा. लेण्याचे तोंड पूर्वेकडे आहे. म्हणून सकाळी लवकर पोचणाऱ्यालाच ते खऱ्या अर्थाने दिसते. कार्ल्यास शेकड्यांनी माणसे असतात त्या रविवारीही येथे कित्येकदा पाखरांचेच आवाज ऐकू येतात.

लोहगड आणि नागफणी

लेण्यांच्या पायऱ्या चढून मुलांचे पाय सरावले की लोहगड. भाज्यावरून चढत गेलेला रस्ता लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीतून लोहगडवाडीस पोचतो. वाडीपासून पायऱ्यांची चढण अर्ध्या-पाऊण तासाची. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा असे चार दरवाजे वळणावळणाने एकावर एक उभे आहेत. खालच्या दरवाजात शिरलेल्या शत्रूवर वरच्या तटातून मारा कसा होत असेल, हे दहा वर्षांच्या मुलालाही तेथे उभे राहिल्यावर कळते. १६४८ साली शिवाजी महाराजांनी हा गड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० साली तो परत मिळवला. पेशवाईत नाना फडणविसांनी येथे बांधकामे केली.

गडाच्या पश्चिमेकडून निघालेली लांब, निमुळती सोंड म्हणजे विंचूकाटा. वरून पाहिले असता तिला हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. दक्षिणेला पवना धरणाचा जलाशय पसरलेला दिसतो. पिंपरी-चिंचवडच्या घराघरांतील नळाला येणारे पाणी ते हेच. ज्या मुलाने आपल्या घरचे पाणी कोठल्या डोंगरातून येते हे एकदा पाहिले, त्याला ते जपून वापरण्याचा उपदेश निराळा करावा लागत नाही.

शेजारचा विसापूर लोहगडाहून उंच आहे. १८१८ च्या मार्च महिन्यात इंग्रजांनी आधी तो घेतला आणि त्याच्या माऱ्यात आलेला लोहगड मग टिकाव धरू शकला नाही. परंतु विसापूरच्या ओहोळांतून चढणाऱ्या वाटा मुलाबाळांच्या नव्हेत, निदान पावसात तरी नव्हेत. त्याचप्रमाणे गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’मुळे मराठी वाचकाला प्रिय झालेली राजमाची लोणावळ्याहून पंधरा-सोळा किलोमीटर दूर आहे. ती सोप्या वाटांच्या यादीत घालणे म्हणजे वाचकाची फसवणूक होईल.

लोणावळ्याच्या दक्षिणेस कुरवंडे गाव आहे. तेथून नागफणीचा माथा चाळीसेक मिनिटांचा. इंग्रजांनी या सुळक्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक पाहिले. स्थानिक लोकांना त्यात नागाची फणा दिसली. घाटात तोफांची वाट काढणारा जनरल वेलस्ली आणि हा ड्यूक एकच, हे ध्यानात घेतले म्हणजे या नावातली गंमत कळते. माथ्यावरून खालचे कोकण, लोहमार्गाचे बोगदे आणि महामार्गाची वळणे एकाच दृष्टिक्षेपात येतात. याच कुरवंडे घाटाने कारतलबखानाचे सैन्य १६६१ च्या फेब्रुवारीत खाली उतरले आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी त्याची कोंडी केली. थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला शरण कसे आणले, याचे उत्तर ग्रंथात शोधण्यापेक्षा या कड्यावर उभे राहून खालच्या दाट झाडीकडे पाहावे. मात्र माथ्याला कठडा नाही. मुलांचा हात धरूनच तेथे उभे राहिले पाहिजे आणि धुक्याच्या दिवशी तेथे जाऊच नये.

ज्यांना आणखी एक दिवस काढता येईल त्यांनी लोणावळ्याच्या दक्षिणेस पेठ शहापूरजवळचा कोराईगड पाहावा. पायऱ्यांची वाट, माथ्यावर दोन तळी, कोराईदेवीचे मंदिर आणि सभोवार बहुतांशी शाबूत असलेली तटबंदी. या तटावरून गडाची पूर्ण प्रदक्षिणा करता येते आणि ती मुलांना थकवत नाही.

डोंगराची शिस्त

सोपी वाट म्हणजे बेफिकिरीची वाट नव्हे, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. हा सारा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचा, काळ्या कातळाचा. कोरडा असताना या कातळावर पाय घट्ट बसतो. त्यावर पावसाळ्यात शेवाळ चढले की तोच कातळ साबणासारखा होतो. डोंगरातल्या ओढ्याला पाणी येते ते माथ्यावर पडलेल्या पावसाचे. खाली ऊन असताना वर ढग फुटलेला असू शकतो आणि घोट्याएवढे पाणी काही मिनिटांत कमरेपर्यंत येते. म्हणून वाहत्या प्रवाहाच्या मधोमध उभे राहणे हा धीटपणा नव्हे, अजाणपणा होय.

ऋतू म्हणाल तर सप्टेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ कुटुंबासाठी उत्तम. पाऊस ओसरला की सोनकीच्या पिवळ्या आणि तेरड्याच्या गुलाबी फुलांनी उतार भरून जातात. कारवीला सात वर्षांनी एकदा बहर येतो. तो योग साधला तर एका मुलाच्या प्राथमिक शाळेच्या सबंध काळात एकदाच दिसणारी गोष्ट त्याने पाहिली असे होईल. मे महिन्यात ऊन कडक असते, पण करवंदे आणि जांभळे असतात. तेव्हा पहाटे चढून दहाच्या आत उतरावे. पायांत खाचांच्या तळव्याचे बूट, माणशी दोन लिटर पाणी, उन्हासाठी टोपी, दशमी-चटणीसारखा न नासणारा फराळ आणि अंधारापूर्वी पायथा गाठण्याचा निश्चय, एवढी सामग्री पुरते. लेण्यांत आणि कड्यांवर आग्यामोहोळे असतात. तेथे धूर, आरडाओरडा आणि उग्र अत्तरे टाळावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची असावी. आजीच्या चालीने चढणारे कुटुंब कोठेही चुकत नाही.

बंदी आणि वाट

या साध्या गोष्टी कोणी न सांगितल्याचे परिणाम अलीकडे वारंवार दिसले. जुलै २०२३ मधील एका रविवारी लोहगडावर इतकी गर्दी झाली की दरवाजांच्या अरुंद पायऱ्यांवर माणसे तासन्‌ तास अडकून पडली. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या अंगाला धबधब्यात उभ्या असलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाढत्या पाण्यात वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. १५ जून २०२५ रोजी, पुन्हा रविवारीच, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा बळी गेला. धोकादायक म्हणून त्या पुलाची सूचना लावलेली होती. केवळ पाटी लावल्याने माणूस वाचत नाही, हे त्या दिवशी पुन्हा सिद्ध झाले.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर प्रशासन बंदीचा आदेश काढते. तातडीचा उपाय म्हणून त्याला कोणी आक्षेप घेऊ नये. परंतु बंदी ही एकच भाषा शासनाला येत असेल तर प्रश्न सुटत नाही. रविवारी शहरातून बाहेर पडण्याची माणसाची गरज खरी आहे. लहान घरात आणि लांबच्या प्रवासात आठवडा काढणाऱ्याच्या बाबतीत ती अधिकच खरी आहे. एक ठिकाण बंद झाले की तो दुसरे शोधतो, आणि दुसरे ठिकाण बहुधा अधिक अनोळखी आणि म्हणून अधिक धोक्याचे असते. शिवाय सगळ्यांना चार-पाचच नावे ठाऊक असल्यामुळे सगळे त्याच चार-पाच जागी लोटतात. लोहगडाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते त्याच दिवशी बेडसे रिकामे असते. तेव्हा ही गर्दी माणसांच्या संख्येची तितकी नाही जितकी माहितीच्या दारिद्र्याची आहे.

त्यावरचा उपाय अवाढव्य खर्चाचा नाही. मळवली, कामशेत आणि लोणावळा या स्थानकांवर एक मोठा नकाशा लावावा. कोठल्या वाटेस किती वेळ लागतो, किती पायऱ्या आहेत, कोठे पाणी मिळते, कोणत्या महिन्यांत कोठे जाऊ नये आणि लहान मुलांसाठी कोणती वाट योग्य आहे, हे त्यावर मराठीत स्वच्छ लिहावे. सुट्टीच्या दिवशी स्थानकापासून पायथ्यापर्यंत बसच्या वाढीव फेऱ्या असाव्यात, म्हणजे अरुंद गावरस्त्यांवर खासगी मोटारींच्या रांगा लागणार नाहीत. पायथ्यावर चढणाऱ्यांची मोजदाद व्हावी आणि ठरावीक संख्येनंतर मंडळींना शेजारच्या दुसऱ्या वाटेकडे वळवावे. जुन्या पायवाटांची महसुली दप्तरात नोंद व्हावी. जमिनींचे तुकडे पडून कुंपणे उभी राहिली की प्रथम बंद होते ती पायवाटच. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटा अधिकृत नकाशांवर नोंदवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली गेली. ज्या सह्याद्रीत वाट दाखवणाऱ्या धनगराचे देऊळ बांधले जाते, तेथे वाटेचा हक्क नोंदवणे अवघड का असावे?

आणि वाटाड्या दूरून आणण्याची गरज नाही. भाजे, लोहगडवाडी, कुरवंडे, बेडसे येथील तरुणांना या डोंगराची नस माहीत आहे. ओढ्याला पाणी केव्हा चढते, कोणता दगड हलतो, धुके किती वेळ टिकेल हे त्यांना पुस्तकाविना कळते. ग्रामपंचायतीमार्फत त्यांना थोडे शिक्षण आणि ओळखपत्र दिले, तर घरोघरच्या पिठले-भाकरीबरोबर हेही त्यांच्या उत्पन्नाचे साधन होईल आणि येणाऱ्यालाही जाणत्याची सोबत मिळेल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला त्यांत लोहगडही आहे. या मानाने गर्दी आणखी वाढणार हे निश्चित. तिला शिस्त लावण्याची सुरुवात लोहगडवाडीतूनच झाली पाहिजे.

शिक्षकांवरही यातला मोठा भाग आहे. शाळेची वार्षिक सहल आज पुष्कळदा करमणुकीच्या बंदिस्त बागांकडे जाते, कारण तेथे जबाबदारी कमी वाटते. परंतु एका वर्गाला लोकलने मळवलीस नेऊन भाजे लेणी दाखवून आणण्याचा खर्च त्या मानाने नगण्य असतो. भूगोलातला कातळ, इतिहासातला व्यापारी मार्ग, गणितातले खांब आणि निसर्गविज्ञानातली कारवी ही सारी त्या एका चढणीवर भेटतात. पाऊल कोठे ठेवावे, पाण्यापासून किती अंतर राखावे आणि मागे राहिलेल्या सवंगड्यासाठी केव्हा थांबावे, हे जे मूल दहाव्या वर्षी शिकते ते विसाव्या वर्षी फुगलेल्या ओढ्यात उतरत नाही. अपघात टाळण्याचा याहून स्वस्त आणि टिकाऊ मार्ग नाही.

घाट लवकर ओलांडण्याच्या कलेत महाराष्ट्राने मोठे प्रावीण्य मिळवले आहे. त्या वेगाने वाचवलेला अर्धा तास कोठे खर्च करावा, याचा विचार आता झाला पाहिजे. रस्ता, रेल्वे आणि पाणीपुरवठा या जशा सार्वजनिक सोयी आहेत, तशीच सर्वसामान्य कुटुंबाला निर्धास्तपणे चालता येईल अशी डोंगरवाट हीदेखील एक सार्वजनिक सोय आहे. श्रीमंताला डोंगरात बंगला बांधता येतो आणि धाडसी तरुणाला कडा चढता येतो. रविवारच्या लोकलने येणाऱ्या कारकुनाला आणि त्याच्या मुलांना मात्र ही पायवाट तेवढी पुरेशी आहे, आणि ती त्यांची त्यांना मिळाली पाहिजे.